कापून टाकलेली कड

छापलेली वस्तू आपल्या हाती येते तेव्हा तिची कड आधीच कापलेली असते. लग्नपत्रिका असो, पंचांग असो की देवघरातली तसबीर, चारी बाजूंनी दोनतीन बोटांची पट्टी कटिंग मशीनखाली जाते आणि तिथून रद्दीच्या पोत्यात. त्या पट्टीवर बारीक फुल्या असतात, रंगांचे चौकोन असतात, केसासारख्या रेघा असतात. छापणारा माणूस मोजमाप करतो ते तिथे. गिऱ्हाईक मजकूर वाचते, आम्ही कड वाचतो.

अकोल्याच्या जुन्या शहरात, राजराजेश्वराच्या देवळापासून जयहिंद चौकाकडे जाताना लागणाऱ्या एका गल्लीत आमचा छापखाना आहे. बाबांच्या वेळी तो ट्रेडलचा, म्हणजे शिशाच्या खिळ्यांनी छापणाऱ्या यंत्राचा, होता. आज माझ्याकडे एक इंकजेट फ्लेक्स मशीन आणि एक लहान डिजिटल मशीन आहे. मराठी मुद्रणाच्या इतिहासावर पुष्कळ चांगले लिहिले गेले आहे. बापूराव नाईकांचे ‘भारतीय ग्रंथमुद्रण’ आमच्या दुकानात गल्ल्याशेजारीच असते. पण त्या इतिहासात यंत्रे, खिळे, मालक, ग्रंथ यांची नावे सापडतात. छापलेले बरे की वाईट हे त्या लोकांनी कशाने मोजले, हे शोधावे लागते. कारण ते मोजमाप ज्या कागदावर होते तो कागद कोणी ठेवलाच नाही.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले, तिथून सुरुवात करते. अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून त्यांनी स्वतःचे यंत्र उभे केले, शाई स्वतः घोटली आणि पुढे खिळेही पाडले. त्यांच्या शाईचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. शिळाछापात दगडावर लिहिलेले आणि कोरे असे दोनच भाग असतात. कोरा भाग पाणी धरतो आणि शाई नाकारतो, लिहिलेला भाग शाई घेतो. शाई पातळ झाली की अक्षर फुगते आणि शेजारच्या अक्षराला भिडते. घट्ट झाली की तुटते. पंचांगात सारे आकडे. घटका-पळांच्या कोष्टकातला एक आकडा फुगून दुसऱ्यासारखा दिसू लागला तर मुहूर्त चुकला. म्हणजे मराठीतल्या आरंभीच्या छापील वस्तूंपैकी एक अशी होती की तिच्यात छपाईचा दोष थेट गणितात शिरला असता. त्या काळी कसोटीला यंत्र नव्हते. शाई बोटांमध्ये ओढून तिची तार किती लांब निघते ते पाहायचे, पहिली प्रत उजेडात धरायची, आणि चांगली उतरलेली एक प्रत शेजारी टांगून पुढची प्रत्येक प्रत तिच्याशी ताडायची. ही टांगलेली प्रत शिळाछापखान्यांतली सगळ्यात जुनी मोजपट्टी. ऑफसेटवाले तिला आजही ‘ओके शीट’ म्हणतात.

रंग आले आणि फुली आली. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती वऱ्हाडातल्या घराघरांत पोहोचल्या. एका चित्राला कितीतरी दगड लागत, प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. गुलाबी गालाचा दगड, निळ्या सावलीचा दगड, सोन्याच्या पिवळ्याचा दगड. तोच कागद दर वेळी तंतोतंत त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तरी देवीचा ओठ ओठावर राहत नाही. अशा रंगीत शिळाछापात प्रत्येक दगडाच्या कडेला बारीक फुली असते. सगळ्या रंगांच्या फुल्या एकावर एक पडल्या की चित्र जुळले. फुलीजवळ रंग सुटा दिसला तर कोणता दगड किती आणि कुठल्या बाजूला सरकला, हे त्या सुटलेल्या रंगावरून लगेच कळते. भिंग आणि फुली एवढ्यावर काम भागे. चित्राला चौकट करणारा ती कड आधी कापून टाकी.

दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्याआधी याच धंद्यात होते. रविवर्मा छापखान्यासाठी त्यांनी काम केले आणि १९०८ च्या सुमारास लोणावळ्यात स्वतःचा एन्ग्रेव्हिंगचा छापखाना काढला. तेव्हा हाफटोन ब्लॉकचे दिवस होते. जर्मनीत माइझेनबाखने १८८२ साली हाफटोनच्या जाळीचे पेटंट घेतले, त्यानंतर छायाचित्र ठिपक्यांत फोडून छापता येऊ लागले. मोठा ठिपका म्हणजे गडद, लहान ठिपका म्हणजे फिकट. तिथून पुढे छपाई मोजणे म्हणजे ठिपका मोजणे असे झाले, ते आजपर्यंत. इंकजेटचा ठिपका या घराण्यातला शेवटचा वंशज आहे.

वऱ्हाडात छपाई आली ती कापसाच्या आणि आगगाडीच्या मागोमाग. भुसावळ–नागपूर लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला आणि अकोला त्यावरचे मोठे स्टेशन ठरले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, त्यांना पावतीपुस्तके लागली, अडत्यांना हिशेबाचे फॉर्म, कचेऱ्यांना नोटिसा. याच गावातून ‘वऱ्हाड समाचार’ निघे, पुढे ब्रिजलाल बियाणींची ‘मातृभूमी’ निघाली, आणि आमच्या पिढीने ‘देशोन्नती’ वाढताना पाहिली. कापसाच्या गाठीवरचा मार्का मात्र छापखान्यात होत नसे. पत्र्याच्या कापलेल्या साच्यातून कुंच्याने काळी शाई मारत. त्यातही एक माप होतेच: वखारीत उभ्या माणसाला लांबून गाठीचा नंबर वाचता आला पाहिजे. एवढी साधी आणि एवढी कडक कसोटी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

बाबांच्या ट्रेडलवर थोडे थांबते, कारण मोजमाप म्हणजे काय ते मला तिथे कळले.

खिळ्याची उंची ९१८ सहस्रांश इंच. बारा पॉइंटचा एक पाइका, साधारण सहा पाइकांचा इंच. जुळाऱ्याच्या हातात स्टिक आणि कमरेला पाइका पट्टी. पण जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा मशीनवर चढला की पट्टीचे काम संपे. जुने खिळे झिजलेले, नवे पूर्ण उंचीचे, ब्लॉक लाकडावर ठोकलेला आणि पावसाळ्यात फुगलेला. सगळे एकाच पातळीत येणार कसे? पहिला कागद छापून बाबा तो उलटा करत आणि पाठीवरून अंगठा फिरवत. जिथे खिळा जास्त रुतला तिथे पाठीवर उठाव लागे, जिथे कमी पडला तिथे कागद सपाट. मग पॅकिंगमध्ये, म्हणजे छापायच्या कागदामागच्या थरात, नेमक्या कमी पडलेल्या अक्षरामागे, टिश्यू कागदाचा तुकडा चिकटवायचा. टिश्यूची जाडी एकदोन सहस्रांश इंच. बाबांचा अंगठा तेवढा फरक ओळखी. याला मेकरेडी म्हणत. दोन तास मेकरेडी आणि पाऊण तास छपाई, असे पत्रिकांच्या हंगामातही चाले आणि बाबा ते कमी करू देत नसत.

मराठी खिळ्यांत आणखी एक अडचण होती. डिग्री टाइपात मात्रा, वेलांटीचे फाटे, अनुस्वार हे वेगळे, बारीक खिळे; ते मुख्य अक्षराच्या डोक्यावर बसवायचे. अखंड टाइपात अक्षर मात्रेसह एकाच खिळ्यावर येई, पण त्यासाठी खिळ्यांच्या केसी प्रचंड लागत. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी १८६९ पासून जे छापखान्याचे आणि खिळ्यांचे काम उभे केले, राणोजी रावजी आरूंनी जे पंच कापले, त्यांच्या पुस्तकांत शिरोरेषा सलग दिसते. ती सलग दिसते यातच त्यांची थोरवी आहे. शिरोरेषा ही एक रेघ नसतेच. शेजारी शेजारी उभ्या खिळ्यांच्या डोक्यांचे तुकडे असतात ते. एक खिळा किंचित खाली, एक किंचित वर, की रेघ पायरीची होते. इंग्रजी मजकुरात असा दोष अक्षराअक्षरांत लपून जातो. आपल्याकडे तो ओळीच्या डोक्यावर उघडा पडतो. बाबा प्रूफ डोळ्यांच्या पातळीवर आडवे धरून शिरोरेषेवरून नजर सोडत. शुद्धलेखन त्यानंतर.

आमचे मशीनमन काकाजी दोन रंगांच्या पत्रिकेत लाल रंगाच्या फुलीकडे बोट दाखवत म्हणायचे, “पाह्य बेटा, लाल हलून राह्यला. गनपती नंतर पाहजो, आंधी फुली पाह्य.” मी त्या फुलीवर वाढले.

ऑफसेट आमच्याकडे कधी आला नाही; तो टिळक रोडकडच्या मोठ्या छापखान्यांत आला. मी तिथे काही वर्षे नोकरी केली, म्हणून शाईची घनता मोजणारा डेन्सिटोमीटर हातात धरायला मिळाला. त्याचे मूळ छपाईत नाही, फोटोग्राफीत आहे. इंग्लंडमध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी १८९० साली काचेवरचा काळेपणा आकड्यांत मांडला. कागदावर पडलेल्या उजेडाचा दहावा हिस्सा परत आला तर घनता १, शंभरावा आला तर २. पुढे १९३६ मध्ये मरे आणि डेव्हिस यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र आले, त्यातून ठिपक्याने कागदाचा किती टक्के भाग व्यापला ते काढता येते. प्लेटवर पन्नास टक्के असलेला ठिपका कागदावर साठ-पासष्टच्या पुढे जातो, कारण शाई दाबाने पसरते. त्याला डॉट गेन म्हणतात. डेन्सिटोमीटर ठेवायचा कुठे? छापलेल्या चित्रावर नाही, कडेच्या रंगपट्टीवर. म्हणजे फुलीच्या शेजारी आता चौकोन आले. १९३१ ची सीआयईची रंगमापन पद्धत, १९७६ ची लॅब पद्धत, म्युनिकची फोग्रा संस्था, आयएसओचे १२६४७ मानक, या सगळ्यांचा अखेरचा मुक्काम त्या पाऊण इंची पट्टीवर असतो. लहान गावच्या छापखान्यात यातले यंत्र क्वचितच आले. पट्टी मात्र फिल्मबरोबर, प्लेटबरोबर सगळीकडे पोहोचली आणि आमच्या मशीनमननी ती नुसत्या भिंगाने वाचली. यंत्राविना मोजपट्टी वापरणाऱ्या या माणसांचे कौशल्य मला कुठल्या पुस्तकात नोंदलेले आढळले नाही, म्हणून मी ते इथे मुद्दाम लिहिते.

आता थेंबाकडे येते.

पाण्याची बारीक धार थोड्या अंतरावर आपोआप थेंबांत तुटते. फ्रान्समध्ये सावारने १८३३ साली यावर प्रयोग केले आणि लॉर्ड रॅलेने १८७८ मध्ये त्याचे गणित मांडले. धार किती जाडीची असली की किती लांबीवर तुटेल, हे त्यातून कळते. लॉर्ड केल्विनने १८६७ मध्ये समुद्राखालच्या तारांसाठी सायफन रेकॉर्डर केला, त्यात विद्युतभार दिलेली शाई कागदाला न टेकता रेघ उमटवी. १९५१ साली स्वीडनच्या एल्मक्विस्टला जे पेटंट मिळाले त्यावरून हृदयाचे ठोके शाईच्या फवाऱ्याने लिहिणारे यंत्र निघाले. गंमत नव्हे, मला हे फार मोलाचे वाटते: इंकजेट हे जन्मतः मोजण्याचेच यंत्र होते. तारेतला क्षीण प्रवाह मोजायला, हृदय मोजायला, आणि १९६० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये रिचर्ड स्वीटने केले ते विजेच्या झपाट्याने बदलणाऱ्या लहरी नोंदवायला. अक्षर छापणे नंतर आले. कॅननमध्ये १९७७ च्या सुमारास उष्णतेने थेंब उडवण्याची युक्ती सापडली, एचपीनेही स्वतंत्रपणे तीच वाट धरली. १९८४ चा थिंकजेट आणि १९८८ चा डेस्कजेट त्यातून आले. एपसनसारख्यांनी दाब दिल्यावर आकसणाऱ्या-फुगणाऱ्या स्फटिकाचा, म्हणजे पिझोचा, मार्ग घेतला. फ्लेक्स मशीनची हेडे, म्हणजे थेंब सोडणारे भाग, या दुसऱ्या जातीची.

थेंब उडताना डोळ्याला दिसत नाही. तो पाहायला स्ट्रोबोस्कोप लागतो. नोझल, म्हणजे हेडचे एकेक बारीक तोंड, सेकंदाला हजारो थेंब सोडते; दिव्याची उघडझाप त्याच गतीने केली की प्रत्येक झपकीत नवा थेंब नेमका जुन्याच्या जागी असतो, आणि डोळ्याला एकच थेंब हवेत थांबलेला दिसतो. झपकी किंचित उशिरा केली की थेंब पुढे सरकलेला दिसतो; तो उशीर आणि कापलेले अंतर यांवरून त्याचा वेग निघतो. त्याची शेपटी किती लांब आहे, मागे बारीक पिलावळ सुटते का, तो सरळ जातो की तिरका, सगळे दिसते. आकारमान काढायची रीत याहून साधी: ठरावीक लाखो थेंब भांड्यात पाडायचे, तोलायचे आणि भागायचे. हेड बनवणाऱ्या कारखान्यांत ही साधने असतात. अकोल्यात नाहीत.

म्हणून अकोल्यात काय करता येते ते मी करून पाहिले.

आमच्या मशीनचे हेड ४२ पिकोलिटरचा थेंब टाकते. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. असा थेंब जेमतेम ४३ मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे बारीक केसाएवढा. इंचाला ३६० ठिपके या हिशेबाने एक चौरस मीटर जागा एका रंगाने पूर्ण भरायला सुमारे २० कोटी थेंब पडतात आणि साडेआठ मिलीलिटर शाई लागते. एक लिटरमध्ये त्या रंगाचे सुमारे पावणेतेराशे चौरस फूट भरले पाहिजेत. सफाईत जाणारी शाई वजा घालून हा आकडा घसरत चालला, तर थेंब मोठा पडतो आहे. शाईची बाटली आणि फूटपट्टी यांच्यावर पिकोलिटरचा अंदाज बांधता येतो, हे कळल्यावर मला बाबांचा अंगठा आठवला.

आणि थेंब मोठा का पडतो? मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. शाई तापली की पातळ होते. पातळ शाईचा थेंब मोठा आणि वेगवान निघतो, त्याच्यामागे पिलावळ सुटते; उलट, कोरड्या हवेत नोझलच्या तोंडाशी सॉल्व्हंट उडून शाई सुकते आणि नोझल बंद पडते. वेगाचा फरक किरकोळ वाटेल, पण हिशेब करून पाहा. हेड आणि फ्लेक्स यांत दोन मिलिमीटर अंतर आहे. सेकंदाला सहा मीटर वेगाचा थेंब ते अंतर सेकंदाच्या तीन हजाराव्या भागात कापतो. पाच मीटर वेगाच्या थेंबाला सेकंदाचा अडीच हजारावा भाग लागतो. या दोन वेळांमध्ये जो फरक आहे तेवढ्यात, सेकंदाला एक मीटर धावणारे हेड ६७ मायक्रॉन पुढे गेलेले असते, म्हणजे जवळजवळ एक ठिपका. हेड जाताना आणि येताना दोन्ही वेळा छापत असेल तर चूक उलटसुलट पडून दुप्पट होते. सकाळी जुळवलेले मशीन दुपारी जुळलेले नसते ते यामुळे. ग्राहकाला वाटते कामगाराने हलगर्जी केली. कामगाराने काही केलेले नसते. ऊन चढलेले असते.

हे सगळे पकडणारे एकच साधन आमच्यासारख्या दुकानात आहे, आणि ते मशीन स्वतः छापते: नोझल चेक. प्रत्येक नोझलची एक बारीक रेघ, पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेली. चार रंगांच्या चार जाळ्या. रेघ गळली तर ते नोझल बंद. रेघ तिरकी पडली तर थेंब वाकडा जातो आहे. रोज सकाळी दुकान उघडले की आम्ही ही पट्टी काढतो. बहुतेक ठिकाणी ती पाहून फेकतात. मी तिच्यावर तारीख, खोलीचे तापमान आणि शाईची खेप लिहून फाइलला लावते. एकत्र चाळल्या की त्या पट्ट्यांत हेडचे आयुष्य दिसते. उन्हाळ्यातल्या जाळ्या विरळ होत जातात, पहिल्या पावसानंतर पुन्हा भरतात, आणि श्रावणात, कावडीच्या फलकांची गर्दी असते तेव्हा, काळ्या रंगाआधी मॅजेंटा थकतो. शेवटच्या श्रावणी सोमवारी पूर्णेचे पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात. त्याआधीचा आठवडा आमच्याकडे भगवे सोडून दुसरे काही छापले जात नाही, आणि भगव्यात मॅजेंटा व पिवळा यांनाच राबावे लागते.

अकोल्यात थेंब मोजण्याची गरज आणखी एका ठिकाणी आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या या गावात फवारणीचा थेंब हा सगळ्यांच्या परिचयाचा विषय आहे. पाणी लागले की निळा पडणारा पिवळा कागद पिकात टांगायचा, फवारणी करायची आणि कागदावरचे डाग मोजायचे, ही कृषी अभियांत्रिकीतली रूढ पद्धत. तो थेंब शंभर-दोनशे मायक्रॉनचा, आमचा चाळीसचा. तिथेही मोजपट्टी म्हणजे डाग पडलेला कागदच.

आणि डाळ मिल. अकोल्याची तूरडाळ देशभर जाते. पाकिटावर किंमत, महिना, वर्ष, बॅच छापणारे यंत्र म्हणजे रिचर्ड स्वीटच्या यंत्राचे थेट वारस. त्यात शाईची धार अखंड वाहते, तिचे थेंब होतात, प्रत्येक थेंबाला कमीजास्त विद्युतभार देऊन वाकवले जाते. ज्यांना भार नाही ते पन्हाळीत पडून परत टाकीत जातात. हे यंत्र शाईचा पातळपणा स्वतःच मोजत राहते आणि सॉल्व्हंट उडाले की नवे ओढून घेते. पाकिटबंद वस्तूंसाठी २०११ पासून लागू असलेल्या वैधमापन नियमांत अंक आणि अक्षरे कमीत कमी किती उंचीची हवीत हे मिलिमीटरमध्ये दिलेले आहे. म्हणजे वजनमापाचा निरीक्षक तराजूबरोबर अक्षराचीही उंची मोजू शकतो. छपाईच्या गुणवत्तेचे इतके स्पष्ट माप कायद्यात आले, याचे श्रेय मी त्या नियमाला मनापासून देते. डाळ घेणाऱ्या म्हातारीला तारीख वाचता आली पाहिजे. वखारीतल्या गाठीची कसोटी तीच होती.

घरगुती आणि कचेरीतल्या इंकजेटसाठी गेल्या वीसेक वर्षांत आयएसओची मानके झाली. एका कार्ट्रिजमध्ये किती पाने निघतात ते २४७११ क्रमांकाच्या मानकाने मोजतात. त्यासाठी पाच ठरावीक पाने २४७१२ मध्ये दिली आहेत, आणि वेगासाठी २४७३४ आहे. एका यंत्रावर विसंबायचे नाही, एकाहून अधिक यंत्रे आणि कार्ट्रिज घेऊन सरासरी काढायची, असा शिस्तीचा मामला. खोली साधारण २३ अंशांची. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे. सगळीकडे सारखी खोली असल्याशिवाय तुलना होणार नाही. पण त्या पाच पानांवरचा मजकूर रोमन लिपीत आहे. माझी तक्रार तापमानाबद्दल नाही, लिपीबद्दल आहे.

देवनागरी वेगळ्या ठिकाणी मोडते. हेड कागदाच्या रुंदीत धावते. नोझल बंद पडले की त्या दिशेने पांढरी रेघ येते. मजकूर रुंदीत असला तर ती रेघ शिरोरेषेला समांतर. दहा पॉइंटच्या अक्षराची शिरोरेषा तीनचार ठिपक्यांची असते. त्यातले एक नोझल गेले की सबंध ओळीची शिरोरेषा चिरते. रोमन अक्षरांत तोच दोष तुकड्यातुकड्यांनी विखुरतो आणि नजरेतून सुटतो. हेडची जा-ये चुकली तर उभ्या रेघा दुभंगतात, आणि आपल्या लिपीत काना, वेलांटी, अक्षराचा दांडा, सगळीकडे उभ्याच रेघा. शिरोरेषा नोझल सांगते, काना जुळणी सांगतो. थेंबाची पिलावळ सांगते ती ‘द्ध’, ‘ह्म’, ‘ष्ट्र’ यांच्या पोटातली बारीक पोकळी. ती भरली की समजावे शाई पातळ झाली. आणि रंगाचे विचारले तर कुंकू. कुंकवाचा लाल हा मॅजेंटा आणि पिवळा यांचा पूर्ण भर. मॅजेंटाची काही नोझले गेली की कुंकू शेंदराकडे झुकते. लग्नघरातली आजी तो फरक स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या आधी ओळखते आणि पत्रिका परत पाठवते. तिने पाठवलीच पाहिजे.

म्हणून मी आमच्या दुकानापुरती एक पट्टी केली आहे आणि प्रत्येक कामाच्या कडेला ती छापते. डावीकडे फुली, काकाजींची. मग शिरोरेषेच्या पाच ओळी, प्रत्येक आधीपेक्षा एक ठिपका बारीक. मग कान्यांची रांग, हेड जातानाचा एक आणि येतानाचा एक अशी. मग पोकळीची जोडाक्षरे तीन आकारांत. मग ५ आणि ४, १ आणि ९ शेजारी शेजारी, कारण डाळीच्या पाकिटावर आणि पंचांगात घोटाळा इथेच होतो. शेवटी कुंकू, हळद, भगवा असे तीन चौकोन आणि तारीख, वेळ, तापमान लिहायला कोरी जागा. कटिंगला जाण्याआधी दर कामाची एक कड अखंड काढून ठेवायची, असा नियम आहे. डाबकी रोडवरच्या आणि हरिहरपेठेतल्या दोनतीन दुकानदारांनी या पट्टीची फाइल माझ्याकडून नेली आहे. त्यांच्या पट्ट्या आणि माझ्या पट्ट्या शेजारी ठेवल्या की कोणाचे हेड, कोणाची शाई, कोणाची खोली कशी आहे, यावर बोलणे होते. आधी आम्ही फक्त चौरस फुटाच्या दरावर बोलत होतो.

जुन्या छापखान्यांचे वारस हे वाचत असतील तर एक विनंती. ट्रेडल भंगारात गेले असेल, खिळे शिशाच्या भावात वितळले असतील. पण टेबलाच्या खालच्या खणात मेकरेडीचे कागद असू शकतात, ठिकठिकाणी टिश्यू चिकटवलेले, पाठीवर पेन्सिलीच्या खुणा असलेले. रंगीत कामाची न कापलेली प्रत असू शकते, टांगायच्या भोकासकट. रंगपट्टीच्या फिल्मचे तुकडे असू शकतात. ते रद्दीत घालू नका. मी जुन्या शहरातच असते, दगडी पुलावरून आत आले की कोणालाही छापखाना विचारा. मी ते कागद पाहीन, त्यांची नोंद करीन आणि ज्याचे त्याला परत देईन.